आधी थडग्यावर, मग झेंड्यावर: कॅनडाचं मेपलचं पान आणि सैनिकांची पदकं

खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलात तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. सगळे दगड एकाच घडणीचे, सारख्या उंचीचे, ओळीत उभे. खाली अधिकारी आहे की साधा शिपाई, हे दगडाच्या आकारावरून कळत नाही. वर पलटणीचं चिन्ह, त्याखाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, आणि घरच्यांनी कळवलं असेल तर तळाशी एखादी ओळ. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरी आयोगाने हा नमुना ठरवला.

ब्रिटिश सैनिकाच्या दगडावर त्याच्या पलटणीचं चिन्ह असतं. कुठे तोफ, कुठे वाघ, कुठे वीणा. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये कॅनडाच्या सैनिकांचे असेच हजारो दगड आहेत. त्यांच्यावर मात्र, पलटण कुठलीही असो, बहुतेक ठिकाणी एकच चिन्ह दिसतं: मेपल झाडाचं पान.

१९२० च्या दशकात ही पानं दगडात कोरली जात होती तेव्हा कॅनडाला स्वतःचा अधिकृत झेंडा नव्हता. आज आपण ओळखतो तो लाल-पांढरा, मधोमध पान असलेला झेंडा १९६५ साली आला. मराठीत झेंड्याला निशाण म्हणतात, आणि निशाण म्हणजे खूण. कॅनडात खूण आधी आली, ती सैनिकांच्या टोपीवर आणि त्यांच्या कबरीवर. कापडावर यायला तिला आणखी अर्धं शतक लागलं. पदकांचंही तसंच झालं. या देशाचे सैनिक दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढले, दुसऱ्याची पदकं छातीवर लावून घरी आले, आणि मग देशाने हळूहळू, भांडत भांडत, आपलं कापड आणि आपला धातू तयार केला. झेंडा आणि पदकं या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून वाचल्या की दोन्ही अर्धवट कळतात, म्हणून इथे त्या एकत्र सांगतो.

१ जुलै १८६७ रोजी चार प्रांत मिळून कॅनडा हा देश झाला, पण ब्रिटिश साम्राज्यातच राहिला. झेंडा ब्रिटनचाच, युनियन जॅक. त्याच्या जोडीला ‘रेड एन्साइन’ नावाचं एक निशाण वापरात आलं. मूळचं ते ब्रिटिश व्यापारी जहाजांचं: संपूर्ण लाल कापड आणि वरच्या कोपऱ्यात छोटा युनियन जॅक. कॅनडाची ओळख म्हणून त्याच्या लाल भागावर कॅनडाची ढाल आली. १८९२ साली कॅनडाच्या व्यापारी जहाजांना ते लावायची परवानगी मिळाली, १९२४ मध्ये परदेशातल्या सरकारी इमारतींवर आणि १९४५ मध्ये देशातल्याही. शेवटच्या आदेशात एक अट होती: राष्ट्रीय झेंडा ठरेपर्यंत. म्हणजे हे तात्पुरतं आहे, हे सरकारलाही मान्य होतं. १९२५ साली आणि पुन्हा १९४६ साली पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या काळात झेंडा ठरवायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या खेपेला लोकांनी २,६०० हून जास्त नमुने पाठवले. दोन्ही वेळा विषय मतदानापर्यंत पोचलाच नाही.

अडचण काय होती? कॅनडात दोन मोठे समाज आहेत, एक इंग्रजी बोलणारा आणि एक फ्रेंच. इंग्रजी भाषकांपैकी अनेकांना युनियन जॅक म्हणजे आजोबांचं घर वाटायचं. क्वेबेकमधल्या फ्रेंच भाषकांना तोच झेंडा त्यांना जिंकून घेणाऱ्यांचा वाटायचा. त्यात १९१७ साली सक्तीच्या लष्करभरतीवरून दोन्ही समाजांत खोल दरी पडली आणि १९४४ साली ती पुन्हा उघडली. क्वेबेकने १९४८ मध्ये स्वतःचा निळा-पांढरा, लिलीच्या फुलांचा झेंडा घेतला. एक झेंडा काढायचा तर कोणाचं तरी मन दुखावणार, आणि कुठल्याच पंतप्रधानाला ते नको होतं.

सैनिकांकडे मात्र उत्तर आधीपासून होतं. पहिल्या महायुद्धात कॅनडाने नव्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना नावांऐवजी नुसते क्रमांक होते आणि त्यांच्या बहुतेक बिल्ल्यांवर मेपलचं पान होतं. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदाच एकत्र लढल्या. चार दिवसांत टेकडी घेतली, आणि त्यात ३,५९८ जण मेले. एखाद्या पलटणीत स्कॉटिश घरातला मुलगा, फ्रेंच शेतकऱ्याचा मुलगा, युक्रेनमधून आलेला मजूर असे शेजारी शेजारी असायचे. त्या सगळ्यांना जोडणारी डोळ्यांना दिसणारी एकच वस्तू म्हणजे टोपीवरचं ते पितळी पान.

लेस्टर पीअर्सन यांनी तो बिल्ला लावलेला होता. ते पहिल्या महायुद्धात भरती झाले, पुढे मुत्सद्दी झाले, परराष्ट्रमंत्री झाले. १९५६ साली इजिप्तच्या सुएझ कालव्यावरून युद्ध पेटलं, त्या पेचात त्यांनी संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य पाठवण्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्याच प्रसंगी एक अडचण आली. कॅनडाने पाठवायला निवडलेल्या पायदळाच्या तुकडीचं नाव होतं ‘क्वीन्स ओन रायफल्स’, म्हणजे ‘राणीच्या स्वतःच्या रायफलधारी’. गणवेश ब्रिटिशांसारखा, झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक. आणि ब्रिटनने नुकताच इजिप्तवर हल्ला केलेला. हे ब्रिटिश नव्हेत, हे आमच्या लोकांना कसं समजावं, असं इजिप्तने विचारलं. शेवटी पायदळ गेलं नाही, दळणवळण आणि रसदीच्या तुकड्या गेल्या. ज्या माणसाच्या कल्पनेतून ते सैन्य उभं राहिलं, त्याच्याच देशाचे जवान झेंड्यामुळे अडले. हे पीअर्सन विसरले नाहीत.

१९६३ साली ते पंतप्रधान झाले. १७ मे १९६४ रोजी विनिपेगमध्ये माजी सैनिकांच्या ‘रॉयल कॅनेडियन लीजन’ या संघटनेच्या अधिवेशनात जाऊन त्यांनी जाहीर केलं की देशाला नवा झेंडा मिळेल. हे सांगायला त्यांना दुसरी कुठलीही सोपी जागा मिळाली असती. त्यांनी सर्वांत अवघड जागा निवडली. छातीवर स्वतःची महायुद्धातली पदकं लावून ते उभे राहिले. समोर बसलेल्यांच्या छातीवरही पदकंच. आपल्या तुकडीत वेगवेगळ्या वंशाच्या नावांचे जवान होते, त्यांत एक जपानी नावाचाही होता, आणि सगळ्यांचा बिल्ला पानाचाच होता, हे त्यांनी सांगितलं. सभागृहाने हुर्यो उडवली.

त्या म्हाताऱ्या सैनिकांना जुनाट किंवा आडमुठे ठरवणं मला कधीच पटलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रेड एन्साइन म्हणजे इटलीतल्या चिखलात पुरलेला मित्र होता. झेंडा बदलला की त्या मित्राचं मरण कोणाच्या खात्यात जाणार, ही त्यांची भीती होती. आणि ती भीती कळल्याशिवाय पुढचे सात महिने कॅनडाची संसद का पेटली होती, ते कळणार नाही.

विरोधी पक्षनेते जॉन डीफेनबेकर हेही पहिल्या महायुद्धात सैन्यात होते. ते रेड एन्साइनच्या बाजूने ठाम उभे राहिले. पीअर्सन यांना आवडलेला नमुना वेगळाच होता: पांढऱ्यावर तीन लाल पानं आणि दोन्ही कडांना निळे पट्टे, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेला देश. वाद इतका चिघळला की सप्टेंबरमध्ये १५ खासदारांची समिती नेमावी लागली. लोकांनी पाठवलेल्या साडेतीन हजारांवर नमुन्यांचा ढीग समितीपुढे होता. त्यांतल्या दोन हजारांहून जास्त नमुन्यांत मेपलचं पान होतं. युनियन जॅक असलेले चारशेच्या आसपास. लोकांचा कल कुठे होता, ते या एका आकड्यात दिसतं.

समितीतले खासदार जॉन मॅथेसन तोफखान्यातले माजी अधिकारी. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत ऑर्टोनाच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले होते. त्यांचे परिचित जॉर्ज स्टॅन्ली हे किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात प्राध्यापक होते, लष्करी इतिहासकार आणि स्वतः सैन्यात राहिलेले. कॉलेजच्या मैदानावरून चालताना स्टॅन्ली यांनी इमारतीवर फडफडणाऱ्या कॉलेजच्या झेंड्याकडे बोट दाखवलं: दोन्ही कडांना लाल पट्टे, मध्ये पांढरा, त्यावर कॉलेजचं चिन्ह. चिन्हाच्या जागी एकच लाल पान ठेवा, असं त्यांचं म्हणणं. २३ मार्च १९६४ च्या टिपणात त्यांनी हे लिहून दिलं आणि बजावलं की फूट पाडणारी कुठलीही वांशिक किंवा राष्ट्रीय खूण नको. त्यामुळे युनियन जॅकही नको आणि फ्रेंच लिलीही नको.

६ नोव्हेंबर १९६४ ची रात्र मला या सगळ्या कथेत सर्वांत जवळची वाटते. पीअर्सन यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या तळ्याकाठच्या घरी खरे, कापडाचे नमुने फडकवून पाहायचे होते. कागदावरचं चित्र वाऱ्यात कसं दिसेल ते कळत नाही. सरकारी प्रदर्शन विभागात छपाई झाली, पण शिवणार कोण? तिथल्या एका कर्मचाऱ्याने, केन डोनोव्हन यांनी, आपल्या विशीतल्या मुलीला फोन केला. जोन ओ’मॅली घरचं शिलाई मशीन घेऊन आली. हे मशीन फ्रॉक आणि पडदे शिवणारं, झेंड्याचं जाड कापड शिवायला बनलेलं नव्हे. त्या थंडीच्या रात्री एका रिकाम्या सरकारी इमारतीत तिने कडा दुमडल्या, पट्टे जोडले, आणि देशाचे पहिले नमुने तयार केले. आपण काय शिवतोय याचा विचार करायला तिला फुरसतच नव्हती, शिवण सरळ यायला हवी होती एवढंच.

समितीचा कौल त्याआधीच, २२ ऑक्टोबरला लागला होता, आणि तो लागला तोही एका चालीतून. शेवटच्या फेरीत पीअर्सन यांचा तीन पानांचा नमुना आणि स्टॅन्ली यांचा एका पानाचा, असे दोनच उरले. सत्ताधारी लिबरल आपल्या नेत्याच्याच नमुन्याला मत देणार, असं धरून विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांनी एका पानाला मतं दिली. लिबरलांनीही एका पानालाच दिली. निकाल १४ विरुद्ध शून्य. संसदेत मात्र अडीचशेहून जास्त भाषणं झाली. अखेर क्वेबेकचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार लेऑं बाल्से यांनीच चर्चा बंद करायचं सुचवलं, आणि १५ डिसेंबर १९६४ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला १६३ विरुद्ध ७८ मतांनी झेंडा मंजूर झाला.

या झेंड्याची रचना पाहण्यासारखी आहे. लांबी उंचीच्या दुप्पट. मधला पांढरा भाग अगदी चौरस, आणि दोन्ही लाल पट्टे त्याच्या निम्म्या रुंदीचे. एरवी तीन पट्ट्यांच्या झेंड्यात तिन्ही सारखे असतात. इथे मधला मोठा केला, कारण पानाला जागा हवी होती. पानाला ११ टोकं आहेत आणि त्या आकड्यामागे कुठलाही गूढ अर्थ नाही. चित्रकार झाक सँ-सीर यांनी टोकं कमी केली ती पान वाऱ्यात फडफडतानाही स्वच्छ दिसावं म्हणून. खऱ्या झाडावर असं पान सापडत नाही.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी दुपारी ओटावात संसदेसमोर रेड एन्साइन उतरला आणि नवा झेंडा चढला. तिथे हजर असलेले गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचे प्रतिनिधी, जॉर्ज व्हानिए फ्रेंच भाषक होते, आणि १९१८ साली फ्रान्समध्ये लढताना त्यांनी उजवा पाय गमावला होता. डीफेनबेकर यांनी डोळे पुसले. जुना झेंडाही संपला नाही. ओंटारिओ आणि मॅनिटोबा या प्रांतांनी लवकरच रेड एन्साइनच्या धर्तीवर आपापले प्रांतिक झेंडे घेतले, ते आजही आहेत. आणि १९७९ साली डीफेनबेकर वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीवर दोन्ही झेंडे होते.

सैन्यात झेंड्याची आणखी एक जात असते, पलटणीचं निशाण. रेशमी कापडावर सोनेरी धाग्याने त्या पलटणीने गाजवलेल्या लढायांची नावं भरलेली असतात: विमी, ऑर्टोना. हा सन्मान कोणा एकाचा नसून सगळ्या पलटणीचा, म्हणजे अजून जन्माला न आलेल्या जवानाचाही. पायदळाच्या पलटणींकडे अशी दोन निशाणं असतात. त्यांतलं एक राजसत्तेचं, आणि ते पूर्वी युनियन जॅकवर आधारलेलं असायचं. १९६५ नंतर त्याची जागा मेपलच्या पानाने घेतली. जुनं निशाण फेकत नाहीत, जाळत नाहीत. चर्चमध्ये टांगून ठेवतात आणि काळाबरोबर विरू देतात.

आता पदकं.

गोंधळ होतो तो इथे, कारण आपण छातीवरच्या सगळ्या रंगीत फितींना सरसकट ‘मेडल’ म्हणतो. कॅनडात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑर्डर’ म्हणजे सन्माननीय मंडळ, ज्याचे तुम्ही सदस्य होता, एकंदर कामगिरीसाठी. ‘डेकोरेशन’ बहुतेक वेळा एका विशिष्ट कृत्यासाठी, म्हणजे शौर्यपदक. आणि सेवापदक तुम्ही कुठे, किती काळ होतात यासाठी. सेवापदक मिळायला पराक्रम लागत नाही, हजेरी लागते. पण ती हजेरी कुठली, हे विसरू नये.

१९६७ पर्यंत यातलं जवळजवळ सगळं ब्रिटिश होतं. त्या पद्धतीत एक गोष्ट खुपणारी होती: शौर्य तेच, पण पदक हुद्द्यावर ठरायचं. अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला किंवा हवालदाराला मिलिटरी मेडल. खुद्द ब्रिटनने हा भेद १९९३ मध्ये काढला. ज्याला हुद्दा लागत नव्हता असं सर्वोच्च पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. आणि त्या पदकाच्या धाग्याने कॅनडा आपल्याशी जोडला गेलेला आहे. उत्तर इटलीतल्या रोमान्या भागात साव्हिओ आणि सेनिओ या दोन नद्या आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये साव्हिओच्या काठी अर्नेस्ट ‘स्मोकी’ स्मिथ या कॅनडाच्या साध्या शिपायाने खांद्यावरच्या रणगाडाविरोधी हत्याराने जर्मन रणगाडा अडवला आणि जखमी सोबत्याला सोडलं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून आणलं, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून बॉम्बगोळ्यांनी तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघंही ब्रिटिश आठव्या सैन्यात. दोघांनाही तोच काशाचा क्रॉस, एकाच राजाच्या नावाने दिलेला.

त्यानंतर दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारत प्रजासत्ताक झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र आलं, सावित्रीबाई खानोलकर यांनी घडवलेलं, इंद्राच्या वज्राचं. कॅनडाचा राजा तोच राहिला, त्यामुळे सगळं एका दिवसात बदलायची घाई नव्हती आणि तसं धाडसही कोणी केलं नाही. निकल नावाच्या खासदाराच्या १९१९ च्या ठरावाने कॅनडाच्या नागरिकांना ‘सर’सारख्या पदव्या नकोत असं म्हटलं गेलं. १९४३ साली ‘कॅनडा मेडल’ जाहीर झालं, ते कोणालाही दिलं गेलं नाही. शेवटी देशाच्या शंभराव्या वाढदिवशी, १ जुलै १९६७ रोजी, ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ सुरू झाली. तिच्यामागे राबणाऱ्यांत पुन्हा ते ऑर्टोनाला जखमी झालेले जॉन मॅथेसन होते.

त्याआधी एक पदक शांतपणे पुढे गेलं होतं आणि माझ्या मते त्याला हवं तितकं श्रेय मिळत नाही. १९४९ चं ‘कॅनेडियन फोर्सेस डेकोरेशन’. बारा वर्षांच्या निष्कलंक सेवेसाठी हे मिळतं आणि पुढच्या प्रत्येक दहा वर्षांना फितीवर एक पट्टी चढते. त्याआधी दीर्घ सेवेची पदकं अधिकाऱ्यांना वेगळी, शिपायांना वेगळी, नौदलाला वेगळी होती. या एका पदकाने तो भेद पुसला. जनरलच्या आणि स्वयंपाक्याच्या छातीवर तेच पदक. त्याला दहा बाजू आहेत, कारण त्या वर्षी न्यूफाउंडलंड सामील होऊन देशाचे दहा प्रांत झाले होते.

१९७२ साली शौर्यपदकं आली, आणि इथे आपल्याला ओळखीचा फरक दिसतो. आपल्याकडे शत्रूसमोरच्या पराक्रमाला परमवीर चक्र आणि शत्रू समोर नसतानाच्या धाडसाला अशोक चक्र. कॅनडात दुसऱ्या प्रकारातलं सर्वोच्च पदक ‘क्रॉस ऑफ व्हॅलर’. २३ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘कूटने’ या युद्धनौकेच्या इंजिनखोलीत स्फोट झाला. युद्ध नव्हतं, नेहमीचा सराव चालू होता. नऊ जण गेले. त्यांतल्या व्हैनो पार्टानेन आणि लुईस स्ट्रिंगर यांना हा क्रॉस मरणोत्तर मिळाला. धुराने भरलेल्या जहाजात स्वतः बाहेर पडण्याआधी त्यांनी इतरांचा विचार केला होता. समोर शत्रू नसेल तर ते शौर्य कमी, असं कोणी म्हणू शकेल का?

पहिल्या प्रकारातली, म्हणजे शत्रूसमोरच्या पराक्रमाची पदकं १९९३ मध्ये आली, आणि वरच्या टोकाला कॅनडाने व्हिक्टोरिया क्रॉसच ठेवला, पण आपला करून. मूळ क्रॉसवर इंग्रजीत ‘फॉर व्हॅलर’ लिहिलेलं असतं. इंग्रजी ठेवलं तर फ्रेंच नाराज, फ्रेंच ठेवलं तर इंग्रज. म्हणून लॅटिनमध्ये ‘प्रो व्हालोरे’. धातूतही तोच विचार: जुन्या ब्रिटिश क्रॉसच्या तोफेचा धातू, १८६७ च्या देशस्थापनेच्या पदकाचा धातू आणि कॅनडाच्या निरनिराळ्या भागांतला धातू एकत्र वितळवला. २००८ साली हा क्रॉस लोकांना दाखवला. आजवर तो कोणालाही दिलेला नाही. त्याखालचं ‘स्टार ऑफ मिलिटरी व्हॅलर’ मात्र अफगाणिस्तानातल्या लढायांनंतर पहिल्यांदा दिलं गेलं.

अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ जवान मरण पावले. लष्करी विमानतळापासून टोरांटोपर्यंत शवपेट्या नेणाऱ्या महामार्गावरच्या प्रत्येक पुलावर लोक आपणहून झेंडे घेऊन उभे राहू लागले. अग्निशमन दलाचे बंब, शाळकरी मुलं, पदकं लावलेले म्हातारे. कोणी बोलावलं नव्हतं. २००७ मध्ये त्या रस्त्याला ‘हायवे ऑफ हीरोज’ असं नाव मिळालं. पुढच्या वर्षी जखमी आणि मृत जवानांसाठी ‘सॅक्रिफाइस मेडल’ आलं. त्याच्या मागच्या बाजूला विमीच्या स्मारकावरची स्त्री आहे, आपल्या मुलांसाठी शोक करणारी कॅनडा.

आणि एक क्रॉस असा आहे जो सैनिकाला मिळत नाही. १ डिसेंबर १९१९ रोजी सुरू झालेला ‘मेमोरियल क्रॉस’ युद्धात मेलेल्याच्या आईला आणि विधवेला मिळायचा. छोटासा चांदीचा क्रॉस, वरच्या टोकाला मुकुट, उरलेल्या तीन टोकांना मेपलची पानं. सुरुवातीला तो जांभळ्या फितीत गळ्यात घालायचा असे. उलटा केला की मागे मुलाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव. थडग्यावरच्या दगडावर जे कोरलेलं असायचं तेच, पण आईच्या हातात मावणारं. झेंड्यावर पान यायच्या पंचेचाळीस वर्षं आधी ते आयांच्या गळ्यात होतं. आता सैनिक स्वतः तीन व्यक्तींची नावं देऊ शकतो. दर ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मृतिदिनी, ओटावाच्या युद्धस्मारकावर अशा सगळ्या आयांच्या वतीने एक आई पुष्पचक्र वाहते.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव ठोकलेलं असायचं. कॅनडाने दुसऱ्या महायुद्धाची पदकं दिली ती बिननावाची. हा फरक किती मोठा आहे ते बक्कम सिंग यांच्या बाबतीत कळतं. पंजाबातल्या माहिलपूरचा हा मुलगा कॅनडात गेला, १९१५ साली ओंटारिओत भरती झाला, फ्लँडर्समध्ये दोनदा जखमी झाला आणि १९१९ मध्ये क्षयाने गेला. जवळपास नव्वद वर्षांनी इंग्लंडमधल्या एका दुकानात कॅनडातल्या एका शीख इतिहास अभ्यासकाला त्याचं विजयपदक मिळालं. कडेवरच्या नावावरून शोध घेत घेत ओंटारिओतल्या किचनर शहरातली कबर सापडली. आता तिथे दरवर्षी लोक जमतात. कडेला नाव नसतं तर तो कायमचा हरवला असता.

दुसऱ्याची लष्करी पदकं अंगावर लावणं कॅनडात फौजदारी गुन्हा आहे, म्हणून घरोघरी आजोबांची पदकं काचेच्या चौकटीत भिंतीवर असतात. टॉमी प्रिन्स यांची तीही राहिली नाहीत. मॅनिटोबाचे ओजिब्वे आदिवासी, इटलीत शत्रूच्या डोळ्यांदेखत शेतकऱ्याचा वेष घेऊन, बुटाची नाडी बांधतोय असं भासवून तुटलेली टेलिफोनची तार जोडणारा हा सार्जंट. त्यांना ब्रिटिश राजाकडून मिलिटरी मेडल मिळालं, अमेरिकेचं सिल्व्हर स्टारही मिळालं, आणि ते पुढे कोरियातही लढले. त्यांच्यासारख्या नोंदणीकृत आदिवासींना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो १९६० साली. १९७७ मध्ये ते गरिबीत वारले, पदकं केव्हाच हातातून गेली होती. २००१ साली ती लिलावात आली तेव्हा नातेवाइकांनी पैसे गोळा करून परत घेतली.

२०२१ च्या मे महिन्यात कॅम्लूप्स इथल्या जुन्या निवासी शाळेच्या (आदिवासी मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत ठेवत) आवारात सुमारे दोनशे निनावी कबरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं. देशभर सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर आले आणि पाच महिन्यांहून जास्त काळ तसेच राहिले. मग ११ नोव्हेंबर जवळ आला. सैनिकांसाठी झेंडा अर्ध्यावर आणायचा तर तो आधी वर असायला हवा. सरकारने आदिवासी नेत्यांशी बोलून ठरवलं. ७ नोव्हेंबरला सूर्यास्ताच्या वेळी संसदेवरचं मेपलचं पान पूर्ण वर चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा अर्ध्यावर आलं. ८ नोव्हेंबर हा आदिवासी माजी सैनिकांचा स्मृतिदिन असतो.